फेब्रुवारीतल्या नाताळाचं वजन

"काल दुपारपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि हा मेला काटा म्हणतो अजून दोनशे ग्रॅम जास्त!"

येस्मिरा हे कुणाला ऐकवायला म्हणाली नव्हती. पण तिचे अनवाणी पाय माझ्या फळीवर होते आणि तोंड माझ्या दांडीपासून वीतभर अंतरावर, त्यामुळे 'मेला काटा' ही पदवी मला अगदी स्वच्छ ऐकू आली. मग तिनं खांद्यावर पडलेली, शेतात जाळलेल्या उसाची काजळी फुंकरीनं उडवली, केसातली पिन काढली, कोपऱ्यातल्या डब्यात जाऊन थुंकून आली आणि पुन्हा माझ्यावर चढली. दांडी ढिम्म हलली नाही. पिनेचं आणि थुंकीचं वजन ते काय असणार!

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. अंगठ्यानं टिचकी मारली की लाल आकडे दाखवणारा, बॅटरीवर चालणारा तो चपटा काटा नव्हे. मी उभा, लोखंडाचा, छातीइतक्या उंचीचा. खाली उभं राहायला फळी, वर पितळी दांडी, दांडीवर सरकणारी दोन वजनं, एक मोठं आणि एक धाकटं. दांडी मधोमध तरंगली की समजायचं, मी बोललो. त्यापलीकडे मला वाचा नाही, आणि इतक्या वर्षांत मला जेवढा म्हणून मनस्ताप झाला तो सगळा या एकाच गोष्टीमुळे.

माझा जन्म काली शहरातल्या एका ओतशाळेत झाला. माझं लोखंड आधी रेल्वेच्या डब्याचं होतं, असं मला घडवणारा ओतारी सांगायचा. खरंखोटं त्यालाच ठाऊक. तिथून मी उसाच्या मुलखात आलो तो एका गुऱ्हाळात. ते दिवस फार सुखाचे होते. गुळाच्या ढेपा माझ्यावर चढायच्या आणि उतरायच्या. ढेप कधी काट्यावर रागावत नाही. ती श्वास रोखत नाही, पोट आत ओढत नाही, एक पाय हळूच उचलून बघत नाही. मुंग्यांचा तेवढा त्रास होता, पण त्या गोडाच्या धनी, त्यांना काय बोलायचं!

पुढे मोठा साखर कारखाना आला आणि आसपासचा सगळा ऊस त्यानं गिळला. गुऱ्हाळ बंद पडलं. मला नगरपालिकेच्या एका शेडमध्ये टाकलं. तिथे माझ्या फळीवर कोंबड्या बसायच्या. एक कोंबडी रोज अंडं घालायची, आणि अंडं घातल्यावर तिचं वजन किती कमी झालं ते मी इमानानं सांगायचो. ऐकायला कुणी नव्हतं. मित्रांनो, काम करत राहायचं आणि कुणी वळूनही बघायचं नाही, याची सवय मला तिथेच लागली. ती पुढे फार उपयोगी पडली.

मला तिथून बाहेर काढलं ते प्रोफे आरिस्तीदेसनं. प्रोफे म्हणजे मास्तर. आमच्याकडे खेळ शिकवणाऱ्याला सगळे प्रोफेच म्हणतात, भाजीवालीसुद्धा. हा मूळचा बुएनाव्हेंतुरा बंदराचा, मोठ्या हाडाचा, काळा, गळ्यात शिटी आणि खांद्यावर लाल टॉवेल. गावात वेटलिफ्टिंगचा हॉल सुरू करायचा म्हणून तो भंगारात चांगलं लोखंड शोधत होता. त्यानं मला एकट्यानं पाठीवर घेतलं, हॉलमध्ये आणून रॉकेलनं पुसलं, आणि खात्रीच्या वजनाची, बारला लावायची एक लोखंडी प्लेट माझ्या फळीवर ठेवली. दांडी सावकाश वर आली आणि मधोमध थांबली.

"हा खोटं बोलत नाही," प्रोफे म्हणाला.

या एका वाक्यावर मी बाकीचं आयुष्य काढलं. म्हणून तर या माणसाची जास्त चीड येते.

आता येस्मिराकडे वळतो. येस्मिरा बालान्ता आमच्या हॉलमध्ये आली तेव्हा शाळकरी पोर होती. तिची आई मेल्बा हॉलच्या फाटकाशी डोक्यावरची परात उतरवून चोन्तादूरो विकते. ताडासारख्या झाडाची ती केशरी फळं उकडून, सोलून, वर मीठ आणि मध घालून देते. पोर आईजवळ बसून कंटाळायची आणि खिडकीच्या गजांतून आत बघायची. एक दिवस प्रोफेनं तिला आत बोलावलं आणि रिकामा बार हातात दिला. तिनं तो असा उचलला, जणू घरातली केरसुणी. प्रोफेचा चेहरा उजळला. त्यानं तिला स्वतःच्या पैशानं बूट घेऊन दिले, शाळेच्या बाईंशी भांडून परीक्षेला बसवलं, पावसात हॉलपासून तिच्या घरापर्यंत सायकलवर सोडलं. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढचं ऐकून तुम्ही त्याला वाईट माणूस म्हणाल, म्हणून. तो वाईट नाही. वाईट असता तर मला इतका वैताग आला नसता.

येस्मिरा सगळ्यांत हलक्या गटात उतरायची, एकोणपन्नास किलोच्या. वेटलिफ्टिंगमध्ये आधी माणसाचं वजन बघतात, मग त्यानं काय उचललं ते. म्हणजे मान पहिला माझा, मग बारचा. पण नाव मात्र बारचंच होतं, हे असो. पहिली काही वर्षं पोर दर स्पर्धेला वर सरकत गेली. बार छातीवर घ्यायची, क्षणभर थांबायची आणि डोक्यावर ढकलून अशी उभी राहायची की फाटकाबाहेर मेल्बाच्या गिऱ्हाइकांनीसुद्धा टाळ्या पिटाव्यात. मग ब्याण्णव किलो झाले. आणि तिथेच अडलं.

आता अडणं यात नवल नाही. लोखंडाशी झटणारा प्रत्येकजण कधी ना कधी अडतो. आमचा एदिन्सन, हॉलमधला सगळ्यांत जाडा आणि सगळ्यांत वाचाळ गडी, तोही एकदा अडला होता. प्रोफेनं त्याला आठवडाभर हलकं काम दिलं, झोपेच्या वेळा बांधून दिल्या, मग बैठका वाढवल्या, आणि गडी महिन्याभरात सुटला. या कामात प्रोफेचा हात धरणारा आख्ख्या प्रांतात कुणी नाही. म्हणून येस्मिरा अडली तेव्हा कुणी घाबरलं नाही.

प्रोफेनं तिला आठवडाभर हलकं दिलं. काही झालं नाही. मग जड दिलं. काही झालं नाही. लाकडी ठोकळ्यांवरून बार उचलायला लावला. बैठकीत खाली गेल्यावर श्वास संपेपर्यंत थांबायला लावलं. दिवसातून दोनदा बोलावलं, मग एकदाच, मग दिवसाआड. तो रात्रीचा बसून नवे बेत आखायचा आणि सकाळी डोळे लाल घेऊन यायचा. बार छातीवर यायचा, पण डोक्यावर जाताना तिचे गुडघे असे लटपटायचे की प्लेटा किणकिणायच्या.

मग गावानं इलाज सुरू केले. मेल्बानं येशूच्या आईपुढे, कुमारी मातेपुढे, मेणबत्त्या लावल्या. एदिन्सननं साल्सा नाचाची गाणी वाजवायला मोठा स्पीकर आणला.

"या काडीपैलवानाला साल्सा लागतो साल्सा! हिची कंबरच झोपलीय."

"तुझी कंबर कुठाय ती आधी शोध," येस्मिरा म्हणाली. तोंड अजून जागेवर होतं तिचं. पण गाल बसले होते.

कुणी म्हणालं बूट बदला. कुणी म्हणालं दृष्ट लागली. कुणी म्हणालं पोर प्रेमात पडली असणार. मी रोज सकाळी तिच्या पायांखाली उभा होतो. कधी तळवे गार लागायचे, कधी ती फळीवर चढताना दांडी धरायची. पडू नये म्हणून धरायची, आणि मागून प्रोफे ओरडायचा, "हात काढ! काट्याला फसवू नकोस!" मी मनात म्हणायचो, अरे बाबा, ती मला फसवत नाहीये, ती मला धरून उभी आहे!

पोर आली तेव्हा तेरा वर्षांची होती. आता एकोणिसाची झालीय, खांदे रुंद झाले, उंची वाढली. सहा वर्षांत झाडाचंसुद्धा वजन वाढतं. पण हिनं मात्र माझ्या दांडीवरच्या त्याच खाचेत बसायचं! त्यासाठी ती घाम निघावा म्हणून प्लास्टिकचा अंगरखा घालून भर दुपारी उसाच्या बांधानं पळायची, बर्फाचा खडा चोखून दिवस काढायची. हे सगळं डोळ्यांसमोर घडत होतं आणि सगळे बारकडे बघत होते.

तुम्ही म्हणाल, मग वरच्या गटात का नाही जायचं? तिथेच तर खरी गोम आहे. वरचा गट पंचावन्न किलोचा. त्या गटात आमच्या हॉलमधून नूबिया उतरते. आणि आमच्या प्रांताचा शिरस्ता असा की एका क्लबानं एका गटात एकच मुलगी पाठवायची.

नूबिया प्रोफेची मुलगी. एकुलती एक. आई लहानपणीच गेली, ती बापाच्या पाठोपाठ हॉलमध्येच वाढली. हॉलमध्ये ती बापाला बाकीच्यांसारखीच प्रोफे म्हणते आणि बापही तिला बाकीच्यांसारखाच दटावतो. प्रांताच्या संघात तिची जागा बरीच वर्षं पक्की आहे. अलीकडे गुडघा दुखतो. बैठका झाल्या की ती भिंतीशी बसून बर्फ बांधते आणि कुणाशी बोलत नाही.

आता जूनमध्ये निवड होती. येस्मिरानं पंचाण्णव उचलले तर प्रांताच्या संघात, म्हणजे कालीतल्या वसतिगृहात खाट, तीन वेळचं जेवण, कॉलेजची फी. नाही उचलले तर वयानं कुमार गटातून बाद, आणि मग साखर कारखान्यात पोती शिवायला जायचं. तिच्या मावशा तिथेच आहेत. मेल्बा त्याबद्दल कधी बोलत नाही. फक्त परात उचलताना एकदा आत बघून घेते.

डिसेंबर आला. डिसेंबरात आमच्याकडे खाण्याला धरबंध नसतो. रोज संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना, आणि प्रार्थनेनंतर चीजचे तळलेले गोळे, मक्याची खीर. प्रोफेला हे ठाऊक होतं. त्यानं डोळ्यात तेल घालून पहारा दिला. रोज संध्याकाळी येस्मिरा जाईल त्या घरी तो स्वतः जाऊन बसायचा, प्रार्थना म्हणायचा, आणि तिच्या वाटणीची खीर समोरून उचलून स्वतः खायचा. एदिन्सन म्हणायचा, "प्रोफे, या हिशेबानं तुमचा गट बदलेल!"

नाताळ टळला. प्रोफेनं सुटकेचा श्वास सोडला. पण बंदराचा माणूस एक गोष्ट विसरला.

मेल्बाचं माहेर उसाच्या पलीकडच्या एका जुन्या गावात आहे. जुन्या काळी मालकांच्या घरचा नाताळ डिसेंबरात चालायचा, तेव्हा गुलामांना राबावं लागायचं. त्यांना सवड मिळायची फेब्रुवारीत. तेव्हापासून त्या गावात बाळ येशू फेब्रुवारीतच जन्मतो. पायात बेड्या असल्यासारखे पाय घासत, मागे मागे सरकत लोक रात्रभर नाचतात. येस्मिरा दरवर्षी जाते. लहानपणी देवदूत व्हायची, आता देवदूतांचे पंख बांधून देते. प्रोफेच्या हे ध्यानातच आलं नाही. मेल्बानंही सांगितलं नाही.

सोमवारी येस्मिरा माझ्यावर चढली तर दांडी ताडकन वर आपटली. प्रोफेनं धाकटं वजन सरकवलं, सरकवलं, शेवटी मोठं उचलून पुढच्या खाचेत टाकावं लागलं. एक्कावन्नच्याही वर.

"काय खाल्लंस?"

"नाताळ होता, प्रोफे."

"फेब्रुवारीत?"

"आमचा फेब्रुवारीतच असतो."

"तुमच्या बंदरात येशू बोटीनं येतो ना, प्रोफे," एदिन्सन मागून म्हणाला, "लवकर पोचतो. इकडे बिचारा उसातून चालत येतो."

"तू गप! काय काय खाल्लंस ते सांग."

"नारळाचा भात," येस्मिरा म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला की तिनं तो लपवायला खाली बघितलं. "तळलेलं डुकराचं मांस. आजोळची कोंबडी, रश्श्यात शिजवलेली. केळ्याचे काप. परत भात. आणि झोपले, प्रोफे. दुपारीसुद्धा झोपले."

"बारवर चल," प्रोफे म्हणाला. शिक्षा म्हणून म्हणाला. "दाखव आता तो भात काय करतो ते!"

भातानं काय केलं ते मी कोपऱ्यातून बघितलं. ब्याण्णव तिनं असे उचलले की बार वर गेल्यावर तीच चकित झाली. प्रोफेनं लहान प्लेटा चढवल्या. पंचाण्णव. बार छातीवर आला, ती क्षणभर थांबली, आणि ढकलला. गुडघे लटपटले नाहीत. एकही प्लेट किणकिणली नाही.

हॉलमध्ये एकच आरडाओरडा झाला. एदिन्सननं तिला उचलून खांद्यावर घेतलं. मेल्बा परात तशीच टाकून आत धावली. मला वाटलं, झालं! आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल. इतके दिवस जे अडलं होतं ते दोन दिवसांच्या जेवणानं आणि झोपेनं सुटलं, हे आता आंधळ्यालाही दिसेल.

मित्रांनो, काय सांगू तुम्हाला!

"श्वास संपेपर्यंतच्या बैठका," प्रोफे म्हणाला. "मी म्हणत होतो ना, फळ उशिरा येतं!"

"साल्सा!" एदिन्सन म्हणाला.

"कुमारी माते!" मेल्बा म्हणाली आणि रडायला लागली.

आणि प्रोफेनं डोळे पुसून पुढचं वाक्य उच्चारलं, "आता हे दोन किलो आठवड्याभरात उतरव."

मी लोखंडाचा आहे म्हणून तग धरला. लाकडाचा असतो तर तडकलो असतो.

त्या दिवशी टाळी वाजवली नाही अशी एकच होती. नूबिया. ती भिंतीशी बर्फ बांधून बसली होती. सगळे येस्मिराभोवती नाचत होते आणि ती माझ्याकडे बघत होती. माझी दांडी अजून एक्कावन्नच्या वर अडकलेली होती, कुणी वजनं परत सरकवली नव्हती. नूबिया पंचावन्नमध्ये जेवढं उचलते ते येस्मिराच्या आजच्या आकड्यापासून फार दूर नव्हतं. पोर पोटभर जेवून सहा महिने राहिली तर काय होईल, हा हिशेब हॉलमधल्या प्रत्येकाला येत होता. म्हणूनच कुणी तो मोठ्यानं केला नाही.

आठवड्याभरात दोन किलो उतरले आणि त्यांच्याबरोबर पंचाण्णवही उतरले. मग ब्याण्णव जड जायला लागले. मग नव्वद.

तेव्हा संशय माझ्यावर आला. "काटा बिघडलाय," प्रोफे म्हणाला. ज्यानं मला 'हा खोटं बोलत नाही' म्हटलं होतं, तोच! त्यानं कुठून तरी तो लाल आकड्यांचा काटा आणला आणि माझ्या शेजारी ठेवला. येस्मिरा त्याच्यावर चढली, मग माझ्यावर. दोघांनी एकच आकडा सांगितला. प्रोफे बराच वेळ आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत उभा राहिला. मला क्षणभर आशा वाटली. मग तो म्हणाला, "आर्द्रतेनं होतं असं." थोड्या दिवसांनी त्या नव्याची बॅटरी संपली आणि पुन्हा सगळे माझ्यावर चढायला लागले.

याच सुमारास एक दिवस मेल्बा दारातून म्हणाली, "प्रोफे, एकच चोन्तादूरो देऊ का तिला? मध नाही घालत. नुसतं मीठ."

"निवड होऊ द्या, मेल्बाबाई. मग परातभर द्या, मी स्वतः सोलून देईन."

"तुम्ही म्हणाल तसं," मेल्बा म्हणाली. बूट त्यानंच घेऊन दिले होते, शाळेत त्यानंच भांडण केलं होतं, पावसात सायकलवर त्यानंच सोडलं होतं. या माणसाला उलट बोलायला तिची जीभ वळत नव्हती. ती बाहेर गेली आणि दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना फळं सोलून देत राहिली.

एदिन्सन बाहेर सगळ्यांना सांगायचा की पोरगी वाळत चाललीय, पण आत आला की त्याचं तोंड फक्त विनोदाला उघडायचं. येस्मिरा स्वतः तर काही बोलायचीच नाही. तिला वाटायचं, तिच्यातच काही कमी आहे. तिनं मला विचारलं होतं एकदा, हॉल रिकामा असताना, कपाळ माझ्या दांडीला टेकवून. "काय चुकतंय रे माझं?" काट्याला कुणी असं विचारू नये. काट्याला उत्तर ठाऊक असतं.

मित्रांनो, तुमच्याही आसपास कुणी अडलेलं असेल. बारवर असेल, पाढ्यांत असेल, गाण्याच्या एखाद्या जागेवर असेल. तुम्ही त्याला म्हणाल, आणखी जोर लाव, आणखी लवकर ऊठ, मन लाव. म्हणा, जरूर म्हणा. पण त्याआधी एकदा त्याच्याकडे नीट बघा. तो झोपला का, जेवला का, आणि तो जिथे उभा आहे ती जागा त्याला अजून पुरते का, की तो वाढलाय आणि जागा तेवढीच राहिलीय. आणि मला रॉकेलनं पुसलं नाही तरी चालेल, माझ्यावर राख साचली तरी चालेल. मी जो आकडा सांगतो तो नुसता वाचू नका. जरा त्याच्याकडे लक्ष द्या. जुन्या काट्याची एवढीच विनंती आहे.

पण माणसं काट्याचं ऐकत नाहीत. माणसाचंच ऐकतात, तेही फार उशिरा.

निवडीला थोडेच दिवस उरले होते. दुपार होती. कारखान्याच्या बाजूला ऊस पेटवला होता आणि खिडक्यांतून काळी राख तरंगत आत येत होती. प्रोफेनं सगळ्यांना थांबवलं होतं. आज येस्मिरा निवडीसारखा सराव करणार होती, आधी वजन, मग बार, सगळं नियमानं.

वजन बरोबर एकोणपन्नास भरलं. दांडी मधोमध तरंगली. प्रोफेनं माझ्या खांद्यावर थाप मारली. मला ती अजिबात आवडली नाही.

पंच्याऐंशी तिनं उचलले. अठ्ठ्याऐंशीला बार छातीवर आला आणि तिथून खाली गेला. दुसऱ्यांदा छातीपर्यंतही आला नाही. ती बारजवळच खाली बसली. रडली नाही. तिच्या अंगात रडण्याएवढंही पाणी नसणार. राखेचा एक काळा तुकडा तिच्या गुडघ्यावर येऊन बसला, तिनं तो सवयीनं फुंकायला तोंड पुढे केलं आणि फुंकर आलीच नाही.

प्रोफे शिटीची दोरी बोटाला गुंडाळत येरझाऱ्या घालत होता.

"खांदे," तो म्हणाला. "खांदे कमी पडतायत. उद्यापासून फक्त खांदे. सकाळी ठोकळ्यांवरून, दुपारी—"

"आणि जरा साल्सा," एदिन्सन म्हणाला. पण तो हसला नाही आणि दुसरंही कुणी हसलं नाही.

"मी आणखी मेणबत्त्या लावते, प्रोफे," दारातून मेल्बा म्हणाली.

"मी करेन," येस्मिरा जमिनीवरूनच म्हणाली. "खांदे करेन. रात्रीचं जेवण सोडते, प्रोफे. म्हणजे दिवसा पाणी तरी पिता येईल."

"शाब्बास माझी पोर," प्रोफे म्हणाला. ही पोर त्याच्या काळजाचा तुकडा होती हो, खोटं नाही. "बघा रे, याला म्हणतात जिद्द! चल, ऊठ. एकदा पुन्हा."

येस्मिरानं हात टेकले. उठली. बारकडे वळली.

भिंतीशी बसलेल्या नूबियानं गुडघ्यावरचा बर्फ सोडला. ती लंगडत पुढे आली आणि येस्मिरा आणि बार यांच्यामध्ये उभी राहिली.

"बाजूला हो, नूबिया," प्रोफे म्हणाला. "तिची वेळ आहे."

नूबिया हलली नाही. हॉलमध्ये आजवर जे तिनं कधी केलं नव्हतं ते केलं. तिनं त्याला बाबा म्हटलं.

"बाबा, हिचे खांदे बरे आहेत. ही अडलेली नाही. ही उपाशी आहे. आणि उपाशी आहे ती माझ्यामुळे. वरच्या गटात मी आहे, म्हणून तुम्ही हिला वाढू देत नाही."